‘एकदाच तर चालणार आहे’ म्हणून मायग्रेशन स्क्रिप्ट कशीही लिहायची का?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जिनिंग, दाळमिल आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या लहान टीममध्ये मी काम करतो. आमच्याकडे कोड रिव्ह्यू होतो आणि चांगला होतो. व्हेरिएबलचं नाव आवडलं नाही तरी कमेंट येते. पण त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूला आलेल्या बदलात) मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसची रचना किंवा आतला डेटा बदलणारी, फाइल असली की सगळ्यांची नजर तिच्यावरून घसरते. ‘लोकलला चालली ना? मग कर मर्ज.’ कारण विचारलं तर एकच उत्तर, एकदाच तर चालणार आहे.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ॲपमधली चूक उद्या दुरुस्त करून पुन्हा चढवता येते. मायग्रेशनने बिघडवलेला डेटा मात्र बिघडलेलाच राहतो. शिवाय ती स्क्रिप्ट आपल्या समोर चालत नाही, गिऱ्हाइकाच्या ऑफिसातल्या मशीनवर चालते. तिथे कोणता डेटा पडलाय हे आपण पाहिलेलं नसतं.

अलीकडे रिव्ह्यूला आलेलं उदाहरण सांगतो. कापसाच्या आवकीचं वजन क्विंटलमध्ये होतं, ते किलोत न्यायचं होतं. स्क्रिप्टमध्ये एकच ओळ, वजन गुणिले शंभर. दिसायला एकदम स्वच्छ. पण ती मध्येच तुटली आणि कुणी परत चालवली तर २४.६० क्विंटलचे २,४६० किलो होतात आणि मग त्याचे २,४६,००० होतात. कुठेही एरर येत नाही. मी सुचवलं की जुना कॉलम तसाच ठेवा, ‘वजन किलो’ असा नवा कॉलम काढा, तो जिथे रिकामा आहे तिथेच भरा. मग दहा वेळा चालवा. जुना कॉलम पुढच्या हंगामात काढू.

मायग्रेशनची क्वालिटी म्हणजे इंडेंटेशन नव्हे, असं मला वाटतं. अर्ध्यात थांबली तर काय, दोनदा चालली तर काय, आणि डेटा आपल्याला वाटतो तसा नसला तर काय, एवढीच तिची परीक्षा. तुमच्याकडे कसं करता?

---

शेवभाजी_तिखट (भुसावळ)

काय भो, एवढं मनावर घेतलंय. ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळायची स्क्रिप्ट. फसली तर रोलबॅक, केलेलं सगळं परत मागे, विषय संपला. हंगाम तोंडावर असताना गिऱ्हाईक फोन करून करून जीव खातं, तेव्हा नवा कॉलम, जुना कॉलम, पुढचा हंगाम असले लाड परवडत नाहीत.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

शेवभाजी भाऊ, तुमचा डेटाबेस कोणता? मायएसक्यूएल असेल तर ते गुंडाळणं नुसतं दिखाव्याचं आहे. अल्टर टेबल, क्रिएट टेबल, ड्रॉप असलं टेबलाची रचना बदलणारं काहीही आलं की मायएसक्यूएल तिथल्या तिथे आपणहून कमिट करतं, म्हणजे तोवरचं पक्कं करून टाकतं. ८.० पासून एकेक अल्टर ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ अशा पद्धतीने होतं, पण ते त्या एका वाक्यापुरतं. फाइलमध्ये पाच अल्टर असले आणि चौथा फसला, तर पहिले तीन होऊन बसलेले असतात. तुमचा रोलबॅक त्यांना हात लावत नाही.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये याची गंमत बघा. अर्धवट फसलेल्या मायग्रेशनची नोंद मायग्रेशन्स टेबलात होतच नाही. म्हणून पुन्हा चालवली की पहिल्याच ओळीला ‘हा कॉलम आधीच आहे’ म्हणून परत फसते. मग पोरं थेट फोनवर सांगून हाताने कॉलम पाडतात. फ्लायवे हे मायग्रेशन चालवणारं साधन निदान ‘फसली’ अशी नोंद तरी ठेवतं आणि हाताने साफसफाई करून ‘रिपेअर’ दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक अल्टर ट्रान्झॅक्शनमध्ये खरोखर परत फिरतात.

---

साक्रीकर

ताई, अगदी हेच. आमच्याकडे लाइट जाणं हा मे महिन्यातला नित्यक्रम आहे, आणि यूपीएसची बॅटरी बदलायला हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं पण बदलत कुणी नाही. एका दुकानात मायग्रेशन चालू असताना लाइट गेली. लाइट आल्यावर तिथल्या पोराने परत बटण दाबलं. पुढचं गिरणाकाठ यांनी लिहिलंच आहे.

तेव्हापासून मायएसक्यूएलसाठी आम्ही एका फाइलमध्ये एकच अल्टर ठेवतो. फाइली वाढतात, पण मशीन कुठपर्यंत पोचली ते नोंदीवरून कळतं. स्कीमा (टेबलांची रचना) बदलणारी फाइल आणि डेटा भरणारी फाइल वेगळी.

एक शंका. कॉलम घालताना ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ (आधीच नसेल तरच) लिहिलं तर बरं नाही का? माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर सिंटॅक्स एरर येते.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

तुमच्या मशीनवर झॅम्प आहे ना? त्यात मायएसक्यूएल लिहिलेलं दिसत असलं तरी आत मारियाडीबी असतं. मारियाडीबीला ते वाक्य समजतं, पोस्टग्रेसलाही ९.६ पासून समजतं. मायएसक्यूएलला समजत नाही. अर्ध्या खान्देशातले डेव्हलपर एका डेटाबेसवर लिहितात आणि दुसऱ्यावर चढवतात. क्वालिटीचं काम सुरू करायचं तर आधी इथून करा: लोकलला तोच डेटाबेस आणि तीच आवृत्ती.

आणि चालत असलं तरी मला ते वाक्य फारसं आवडत नाही. त्या नावाचा कॉलम आहे एवढंच ते बघतं. कुणीतरी हाताने तोच कॉलम चुकीच्या टाइपचा घातलेला असेल तर स्क्रिप्ट गुपचूप पुढे जाते. कुठे काही वेगळं दिसलं तर मायग्रेशनने आरडाओरडा करून थांबावं. सगळं पोटात घालणारी स्क्रिप्ट धोक्याची.

---

साक्रीकर

पण मग लाइट गेल्यावर परत चालवायची कशी?

---

तापी_डीबीए (भुसावळ)

कॉलम आहे का आणि त्याचा टाइप काय, हे इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेस स्वतःच्या रचनेची माहिती ठेवतो तिथून) विचारायचं. नसेल तर घाला. असेल आणि टाइप बरोबर असेल तर पुढे जा. असेल आणि टाइप भलताच असेल तर थांबा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लिहायच्या.

---

चोपड्याचा_पुण्यात (मूळ चोपडा)

मोठ्या टेबलांवर पोस्टग्रेससोबत काम करतो. आमच्याकडची डोकेदुखी वेगळी, लॉक, म्हणजे काम चालू असताना टेबल इतरांसाठी अडवून ठेवणं.

अल्टर टेबल बहुतेक वेळा पूर्ण टेबलाचा लॉक मागतं. काम स्वतः क्षणभराचं असतं, पण त्याच्या आधी कुणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर अल्टर त्याच्या मागे थांबतं, आणि अल्टरच्या मागून आलेली साधी वाचणारी क्वेरीसुद्धा अडकते. जिनिंगच्या गेटवर काट्यावरच एक ट्रॉली बंद पडली की मागे नुसती पावती घ्यायला आलेला माणूसही उन्हात उभा राहतो, तसं. म्हणून प्रत्येक मायग्रेशनच्या सुरुवातीला ‘लॉक टाइमआउट’ लावायचा, दोन-चार सेकंदांचा. लॉक नाही मिळाला तर सोडून द्यायचं आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा.

इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) करताना ‘कॉन्करंटली’, म्हणजे टेबलात लिहिणं न अडवता. हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये त्या मायग्रेशनपुरतं ‘ॲटॉमिक’ बंद ठेवावं लागतं. आणि ते अर्ध्यात फसलं तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचं ओझं आहेच. तो शोधून पाडायचा आणि मग परत करायचा. इथेही ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ दगा देतं, ताईंच्या मुद्द्याला जोड. नाव सापडलं की ते खूश, इंडेक्स मेलेला का असेना.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणी) किंवा चेक (कॉलमवरची अट) घालताना आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, जुन्या ओळी न तपासता, घाला, मग वेगळ्या मायग्रेशनमध्ये ‘व्हॅलिडेट’ करा. जुन्या ओळी तपासताना तो हलका लॉक घेतो, लिहिणं-वाचणं चालू राहतं. ‘नॉट नल’ (रिकामं चालणार नाही असं) करायचं असेल तर आधी तसा चेक घालून व्हॅलिडेट करून घ्या, आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस त्या चेकवर विश्वास ठेवून टेबल परत वाचत नाही.

आणि डिफॉल्टसह कॉलम घातला की सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं, हे २०१८ च्या आवृत्ती ११ पासून साध्या स्थिर डिफॉल्टसाठी खरं राहिलेलं नाही. अजून जुन्या ब्लॉगवरून कॉपी केलेले तीन-तीन टप्प्यांचे जुगाड रिव्ह्यूला येतात.

---

शेवभाजी_तिखट (भुसावळ)

दादा, तुमचं बठ्ठं बरोबर आहे, पण पुण्याचं आहे. आमच्या गिऱ्हाइकाच्या सगळ्यात मोठ्या टेबलात जेवढ्या ओळी आहेत तेवढ्या तुमच्या लॉगमध्ये चहा पिईपर्यंत पडत असतील. संध्याकाळी सातला दुकान बंद होतं. त्यानंतर डेटाबेसला कोण हात लावतंय?

---

गिरणाकाठ (जळगाव)

शेवभाजीशी सहमत, निदान इथे. लॉकचं शास्त्र माहीत असावं, पण लहान टीमने रिव्ह्यूची सगळी ताकद तिकडे घालवू नये. दुकान रात्री बंद असतं हे आपलं मोठं भाग्य आहे, ते वापरावं. आपलं मरण डेटात आहे. लॉक सकाळपर्यंत सुटतो, चुकलेला आकडा मार्चअखेरीपर्यंत कुणाला दिसत नाही.

---

पतपेढीतला_नाना (अमळनेर)

मी प्रोग्रामर नाही, हिशेब बघतो. लेकाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. आमच्याकडे सॉफ्टवेअर बदललं तेव्हा मुलांनी सांगितलं, ‘नाना, सगळे खातेदार आले.’ मी म्हटलं, खातेदार आले, पैसे आले का? आदल्या दिवशीचं तेरीजपत्रक (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी आणि बेरीज) आणि नव्या सॉफ्टवेअरचं तेरीजपत्रक शेजारी ठेवलं. काही रुपयांचा फरक. मुलं म्हणाली, राउंडिंग आहे. आमच्याकडे राउंडिंग नावाचं खातं नाही.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

नाना, तुम्ही या धाग्यातले सगळ्यात चांगले टेस्टर आहात.

तो फरक बहुधा फ्लोटचा, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या टाइपचा, असणार. मायएसक्यूएलचा फ्लोट साधारण सात अंकांपर्यंतच भरवशाचा असतो. १२,३४,५६७.८९ रुपये त्यात घातले तर आत १२,३४,५६७.८७५ बसतात. पुढे कुणी ‘क्वालिटी सुधारू’ म्हणून कॉलम डेसिमल (अचूक दशांश) करतं. करायलाच हवा, पण लक्षात घ्या, मूळचे ८९ पैसे त्या कॉलमात कधी पोचलेच नव्हते. डेसिमलमुळे पुढचं गळणं थांबतं, मागचं परत येत नाही. ते व्हाउचरवरून किंवा पासबुकावरून बांधावं लागतं, आणि ते काम मायग्रेशन स्क्रिप्टचं नाही, माणसाचं आहे.

स्क्रिप्टने एवढं करावं: सुरुवातीला खातेप्रकारानुसार बेरजा आणि ओळींची संख्या एका टेबलात लिहून ठेवावी, शेवटी परत मोजावी, जुळलं नाही तर थांबावं. ओळींची संख्या जुळली एवढ्यावर खूश होणारे फार बघितले.

---

गिरणाकाठ (जळगाव)

हे मी उचलतो. टेस्ट लिहा म्हटलं की पोरं कंटाळतात. ‘तेरीज जुळव’ म्हटलं तर समजेल.

पण ही बेरीज कोऱ्या डेटाबेसवर करून उपयोग नाही. आमच्याकडे सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) सगळ्या मायग्रेशन्स रिकाम्या डेटाबेसवर धडाधड पास होतात. रिकाम्या टेबलात नल नसतात, दुहेरी नोंदी नसतात, ३१ फेब्रुवारी तारीख नसते. खऱ्या बॅकअपच्या प्रतीवर चालवल्याशिवाय मर्ज नाही, असं करायचं म्हणतोय. बॅकअप खरंच रिस्टोर होतो का, तेही त्यात आपोआप कळतं.

---

चोपड्याचा_पुण्यात (मूळ चोपडा)

त्या प्रतीतले मोबाइल नंबर आणि आधार आधी पुसा. खातेदारांची यादी डेव्हलपरच्या लॅपटॉपवर फिरायला नको. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही आहे. पुसताना नल, रिकाम्या जागा, दुहेरी नोंदी तशाच ठेवा, नाहीतर प्रत इतकी गुळगुळीत होते की काही सापडतच नाही.

---

सातपुड्याखाली (शहादा)

डेटा आपल्याला वाटतो तसा नसतो, याचं आमच्या भागातलं उदाहरण. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. एका संस्थेच्या सभासद यादीत शहादा, तळोदा, नवापूर यांच्यापुढे कुठे जिल्हा धुळे, कुठे नंदुरबार. एकाने मायग्रेशन लिहिलं: तालुका आजच्या नंदुरबारच्या सहापैकी असेल तर जिल्हा नंदुरबार कर. सभासदाच्या आजच्या पत्त्यासाठी ठीक. पण त्याच फाइलीत १९९५ च्या कर्जरोख्यांचं टेबलही होतं. त्या कागदावर धुळे छापलंय आणि तेच बरोबर आहे. तो डेटा घाण नव्हता, जुना होता.

एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं, तिथेही तसंच. किंवा विद्यापीठाचं घ्या. २०१८ पर्यंतच्या मार्कशीटवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, नंतर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव. ‘नाव बदललं, सगळीकडे अपडेट मार’ ही एक ओळीची स्क्रिप्ट रिव्ह्यूमध्ये कुणीही पास करेल, कारण तिच्यात कोडची चूक काहीच नाही.

दुसरं. तालुक्यांची मूळ यादी भरणारी जुनी मायग्रेशन फाइल उघडून तिच्यातच नाव दुरुस्त करणारे लोक आहेत. जिथे ती आधीच चाललीय तिथे काहीच होत नाही, नव्या मशीनवर वेगळी यादी येते. फ्लायवे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा) बघून ओरडतं, लाराव्हेल, जँगो ओरडत नाहीत. एकदा बाहेर गेलेल्या फाइलीला हात लावायचा नाही, नवी फाइल लिहायची.

---

साक्रीकर

जँगो निघालंच आहे तर: डेटा मायग्रेशनमध्ये ॲपचं आजचं मॉडेल थेट इम्पोर्ट करू नका. वर्षभराने त्या मॉडेलला नवा कॉलम येतो आणि नव्या मशीनवर पहिल्यापासून मायग्रेशन चालवताना जुनी फाइल अजून नसलेला कॉलम मागते. त्या वेळचं मॉडेल ‘ॲप्स डॉट गेट मॉडेल’ने घ्यायचं.

आणि डाउन मायग्रेशनबद्दल, म्हणजे केलेला बदल मागे घेणाऱ्या फाइलीबद्दल, काय म्हणता? आमचे साहेब प्रत्येक फाइलीला उलटी फाइल मागतात.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

मागू द्या, पण ती चालवून बघता का? न चालवलेली डाउन फाइल म्हणजे खोटा धीर. आणि कॉलम पाडल्यावर डाउन फाइल कॉलम परत आणते, त्यातला मजकूर नाही. माझ्या मते लाईव्हवर मागे जायचंच नसतं. दुरुस्तीची नवी मायग्रेशन लिहून पुढे जायचं. डेव्हलपरच्या मशीनवर ब्रँच बदलताना डाउन कामाला येते, तेवढ्यापुरती ठीक.

---

चोपड्याचा_पुण्यात (मूळ चोपडा)

पूर्ण सहमत नाही, ताई. नवा इंडेक्स किंवा नवा रिकामा कॉलम घातला असेल तर मागे जाणं स्वस्त आणि सुरक्षित असतं. रात्री दोन वाजता ‘पुढे जाणारी दुरुस्ती’ सुचत नाही. डाउन लिहावी, आणि जिथे खरोखर मागे जाता येत नाही तिथे तिने स्पष्ट एरर द्यावी. रिकामी डाउन फाइल सगळ्यात वाईट, ती यशस्वी झाल्याचं सांगते.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

रिकाम्या डाउनबद्दल मान्य. बाकी रात्री दोन वाजता मी बॅकअप रिस्टोर करीन.

---

सातपुड्याखाली (शहादा)

गावांच्या नावांवर युनिक की (तेच नाव दोनदा नको अशी अट) घालताना अडकलोय. ‘कुऱ्हे’ दोनदा दिसतं, डोळ्यांना अगदी सारखं. पोस्टग्रेस दोन्ही ठेवून घेतं.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

ऱ दोन प्रकारे साठतो. एक अखंड अक्षर, दुसरा र आणि खाली नुक्ता असे दोन कोड. पोस्टग्रेसला नेहमीच्या कोलेशनमध्ये (शब्द ताडण्याच्या नियमांत) बाइट वेगळे म्हणजे शब्द वेगळा. आवृत्ती १३ पासून ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन आहे, एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणलं की ते दोन एक होतात. काही कीबोर्डवरून मात्र र, हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे असा तिसरा प्रकार येतो, तो नॉर्मलाइझने जात नाही. त्याला वेगळा रिप्लेस लिहा, आणि आधी त्या ओळी एका यादीत काढून डोळ्यांखालून घाला. दोन्ही नोंदींना सभासद जोडलेले असतील तर आधी ते एका आयडीवर न्या, मग जादा नोंद काढा, मग युनिक की.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना याच्या दसपट त्रास. पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी असते, रफार नंतर, आणि प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. एकाच कॉलममध्ये काही ओळी आधीच युनिकोड असतात. ज्या ओळीत ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यातलं एकही अक्षर आहे ती बाजूला ठेवायची, नाहीतर चांगल्या ओळींचा चुरा होतो. खरं इंग्रजी नाव आणि जुन्या फॉन्टचा मजकूर यातला फरक मशीनला नीट कळत नाही, ती यादी माणसानेच बघायची. मूळ कॉलम पाडायचा नाही.

---

गिरणाकाठ (जळगाव)

लिंटर, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका आपोआप दाखवणारं साधन, कुणी वापरतं का?

---

चोपड्याचा_पुण्यात (मूळ चोपडा)

पोस्टग्रेससाठी स्क्वॉक, रेल्सवाल्यांसाठी स्ट्राँग मायग्रेशन्स. घातक अल्टर पकडतात. एसक्यूएलफ्लफ बहुतेक मांडणी बघतं. क्विंटलचे किलो दोनदा झाले हे यातलं कुणीच सांगणार नाही.

---

शेवभाजी_तिखट (भुसावळ)

बरं, आता खरं विचारतो. ते गुणिले शंभर आमच्याकडेही आहे, आणि ते बऱ्याच ठिकाणी गेलंय. कुठे दोनदा चाललं ते कसं शोधू?

---

गिरणाकाठ (जळगाव)

एका ट्रॉलीचं वजन किती असू शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी वर असलेल्या ओळी काढा. ज्या तारखेपर्यंतच्या सगळ्या ओळी फुगलेल्या दिसतील तिथे दोनदा चाललंय. पण लगेच शंभराने भागू नका, आधी काटापावत्यांशी थोड्या ओळी ताडून बघा. मधल्या काळात कुणी हाताने दुरुस्त केलेल्याही असतील. मग वजनाच्या कॉलमला वरच्या मर्यादेचा चेक घाला, पुढच्या वेळी स्क्रिप्ट तिथेच अडेल.

---

शेवभाजी_तिखट (भुसावळ)

चेक आहे हो कॉलमला. पहिल्या दिवसापासून.

---

तापी_डीबीए (भुसावळ)

मायएसक्यूएल कितवं?

---

शेवभाजी_तिखट (भुसावळ)

५.७

---

तापी_डीबीए (भुसावळ)

८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल चेक वाचतं आणि सोडून देतं. एररही देत नाही, लावतही नाही. आवृत्ती बदलेपर्यंत ट्रिगर (ओळ लिहिताना आपोआप चालणारा कोड) लिहा. आणि ५.७ ला ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्त्या मिळत नाहीत, ते आधी हलवा. हलवताना काय काय मोडेल त्याचा वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.